सरी अम्मा

मंजुनाथने फाटक उघडायला नकार दिला नाही. नकार दिला असता तर भांडता तरी आलं असतं. तो नुसता कानडीत "सरी अम्मा", बरं अम्मा, म्हणाला आणि त्याने खुर्ची पुढे केली.

सुचेताबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आपण इथल्या नव्हे. इथं आपले यजमान असतात, पद्माकर. आपण रोज दुपारी त्यांना भेटायला येतो आणि संध्याकाळी घरी जातो. बाहेर सर्जापूर रोडला गाडी येऊन उभी आहे. मंजुनाथने सगळं मान डोलवत ऐकलं. तो बेळगावकडचा, मराठी समजणारा, आणि या संस्थेच्या फाटकावर आजच कामाला लागलेला. विस्मरण झालेल्या म्हाताऱ्या माणसांशी कसं वागायचं, याचे धडे त्याला सकाळीच मिळाले होते. कुणाचं म्हणणं खोडायचं नाही. आवाज चढवायचा नाही. घरी जायचंय म्हणाले तर गाडी येतेय म्हणायचं आणि चहा विचारायचा.

"गाडी यायलीय अम्मा," तो मायेनं म्हणाला. "तवर च्या घ्या स्वल्प."

"यायलीय नाही, आलीय." बाहेर हॉर्न वाजला. "तो बघ."

"सरी अम्मा."

सुचेताबाईंच्या पायांत संस्थेच्या निळ्या सपाता होत्या, हेही त्यांच्या विरुद्धच गेलं. त्यांच्या चपला आतलं कुणीतरी घालून गेलं होतं. इथं ते नेहमीचंच. त्यावर रागवायचं नसतं. शिवाय त्या आल्या होत्या भिंतीच्या कडेकडेनं, मागं बघत. तोही संस्थेचाच नियम. निरोप घेतला की पेशंट अस्वस्थ होतात, म्हणून हॉलमध्ये भजन सुरू झालं की नातेवाइकांनी मागच्या मागे सटकायचं.

खरं तर पद्माकररावांना निरोपाचं काही वाटेल असं उरलं नव्हतं. जन्मभर जिला 'अगं' म्हटलं, तिला ते गेली दोन वर्षं 'आपण' म्हणत. आपण कुठून आलात, असं रोज अदबीनं विचारत. सुचेताबाई कधी नागपूर सांगायच्या, कधी इंदूर. इंदूर त्यांना जास्त आवडायचं.

ड्रायव्हरचा फोन आला. सुचेताबाईंनी तो विजयी मुद्रेनं मंजुनाथच्या कानाला लावला. ड्रायव्हर म्हणाला, बाईंना तो ओळखत नाही, त्याला फक्त ओटीपी पाहिजे. आणि बुकिंग आसावरीच्या नावावर आहे.

"तुमी आसावरी काय अम्मा?"

"आसावरी माझी मुलगी. मी सुचेता."

मंजुनाथने हळूच फोन परत दिला. त्याच्या डोळ्यांत एवढी करुणा होती की सुचेताबाईंना घाम फुटला.

त्यांनी आसावरीला फोन लावला. ती महादेवपुऱ्याच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होती. 'नंतर फोन करू का?' असा आयता निरोप उमटला. संस्थेला फोन लावला, तर मागच्या इमारतीत घंटी वाजताना स्वच्छ ऐकू आली. उचलणारे सगळे टाळ वाजवत होते.

आता मात्र त्यांच्या मनात पाल चुकचुकली. आसावरी हल्ली वरचेवर सुचवत होती, "आई, तूही तिकडेच राहा ना, डबल रूम मिळतेय." सुचेताबाईंनी दर वेळी ठणकावून सांगितलं होतं, माझं डोकं अजून ठिकाणावर आहे. आज हा प्रकार तिच्या कानावर गेला, तर ती लगेच सामान बांधायला घेईल. त्यांनी मंजुनाथला आजची तारीख सांगितली. वार सांगितला. सतराचा पाढा म्हणून दाखवला.

"भारी अम्मा," मंजुनाथ म्हणाला. "सगळं बरोब्बर."

आपण शहाणे आहोत हे माणसानं एकदा सांगावं. तिसऱ्यांदा सांगितलं की ऐकणाऱ्याची खात्री पटते, पण उलटी.

तेवढ्यात व्हरांड्याच्या कठड्याला धरून धरून पद्माकरराव आले. भजनातून ते आजवर कधी उठले नव्हते. मंजुनाथला हायसं वाटलं. त्यानं अदबीनं विचारलं, "अप्पाजी, ह्या कोण?"

संपलं, सुचेताबाईंना वाटलं. आता हे इंदूर म्हणणार.

पद्माकररावांनी बराच वेळ निरखून पाहिलं. मग पुढे होऊन सुचेताबाईंचं मनगट घट्ट धरलं.

"ही माझी बायको," ते म्हणाले. "हिला बाहेर सोडू नका. रोज भजन लागलं की चोरासारखी पळते."

"सरी अप्पाजी," मंजुनाथ म्हणाला आणि त्यानं फाटकाची कडी नीट बसली आहे ना, ते पाहिलं.

सुचेताबाईंनी वळून पद्माकररावांकडे पाहिलं. रोज, म्हणाले होते ते.

भजन संपलं तशा संचालिका प्रतिमा मॅडम धावत आल्या. त्यांनी मंजुनाथला झापलं, अहो, या काकू व्हिजिटर आहेत म्हणून सांगितलं आणि स्वतःच्या हातानं फाटक सताड उघडलं. बाहेर गाडी अजून उभी होती. ड्रायव्हरनं मागचं दार उघडून धरलं.

"सॉरी हां काकू, नवीन आहे तो. निघा तुम्ही."

मनगटावरची बोटं आणखी आवळली. पद्माकरराव मॅडमकडे बघत नव्हते, गाडीकडेही नाही.

सुचेताबाईंनी मंजुनाथची खुर्ची जरा सावलीत ओढली आणि टेकल्या.

"तुमची काहीतरी चूक होतेय मॅडम," त्या म्हणाल्या. "मी इथलीच आहे."