राणीचं बोलणं

पडद्यावरच्या राणीने पदर तोंडाला लावला, तिचे खांदे हलू लागले, आणि भोरच्या तंबूत पुढेच बसलेल्या सगुणाबाईने आपलाही पदर सावरून घेतला. आता आपलं वाक्य येणार, हे तिला ठाऊक होतं.

सिनेमा मुका. पडद्यावरची माणसं नुसते ओठ हलवायची. त्यांना बोलतं करायचा तो पडद्याशेजारी काठी घेऊन उभा असलेला कुंडलिक, सगुणाबाईचा नवरा. पावसाळा सोडला तर बाकीचं वर्ष तो या तंबूबरोबर गावोगाव हिंडायचा. राजा, राक्षस, भट, दरवान, कुणाचंही बोलणं त्याच्या जिभेवर तयार. घोडं अडायचं ते बायकांपाशी. विंझरला घरी आला की तो मोकळेपणाने सांगायचा, "बायकांचं बोलनं मला न्हाई सुचत. तू बोलतीस त्येच म्या राणीच्या तोंडी घालतो."

आणि खरंच घालायचा. तो निघाला की सगुणाबाई रडायची नाही. चुलीकडे बघत म्हणायची, "जावा तुमी. म्या निखारा झाकून ठेवते. आल्यावर फुंकर तुमी घाला." गेल्या साली याच तंबूत, राजा वनवासाला निघाल्यावर याच राणीने तेच म्हटलं, आणि सारं भोर डोळे पुसत घरी गेलं. तेव्हापासून विंझरच्या बायका तिला राणीसाहेब म्हणून चिडवत. ती वरवर रागवायची, पण अंगावर मूठभर मांस चढायचं. नवरा घरी नसेना का, मुलूखभर आपलंच बोलणं घेऊन हिंडतो, एवढ्या आधारावर ती वर्ष काढायची.

यंदा ती जाऊ भागूबाईला घेऊन बैलगाडीने आली होती. कुंडलिकने तिला नवं लुगडं दिलं, पुढची जागा दिली. तो अंगाने भरला होता. ओठ विड्याने लाल झाले होते. पूर्वी तो पानाला शिवत नसे. तंबूतल्या मंडळींची सवय लागली असेल, असं म्हणून तिने ते मनावर घेतलं नाही.

राजाने पाठ फिरवली. कुंडलिकने काठी राणीकडे नेली.

"आता बघा, राणी हसती कशी. म्हनती, जावा की खुशाल. विडा लावून ठेवते, चुना वाळायच्या आत माघारी या."

तंबूत हशा उसळला. मागून शिट्ट्या आल्या. चित्र तेच होतं, पदर तोच, खांदेही तसेच हलत होते. गेल्या साली ती रडत होती. यंदा हसत होती.

पुढे राणी जे जे बोलली त्यात विंझरचा एक शब्द नव्हता. ती लाडात येत होती, रुसत होती, राजाला टोमणे मारत होती. तिला पान आवडत होतं आणि निरोपाच्या वेळी हसू येत होतं. अशी बाई कुंडलिकला आपल्या डोक्यातून काढता आली नसती. तो कुठेतरी अशा बाईचं बोलणं रोज ऐकत होता. परक्या बाईची चोळी त्याच्या पेटीत सापडली असती, तरी सगुणाबाईला एवढी खात्री पटली नसती.

भागूबाईने समजूत घातली. खेळातलं बोलणं ते, लोकांना हसवायला काहीतरी नवं लागतंच, तेवढ्यावरून संसारात काडी टाकू नये. जिथे सगुणाबाईला राणी केलं होतं, तिथेच सगळ्या भोरसमोर तिला उठवून दुसरीला बसवलं होतं. आणि आपणही नवं लुगडं नेसून ते पुढे बसून बघावं, याची तिला शरम वाटत होती.

खेळ सुटला. कुंडलिक घाम पुसत आला. यंदाची राणी गेल्या सालापेक्षा झकास म्हणत लोक त्याची पाठ थोपटत होते.

त्याने विचारलं, "कसा वाटला खेळ?"

"राणी लई ग्वाड बोलली." सगुणाबाईने चेहऱ्यावर हसू आणलं. "कुठल्या गावची म्हनायची?"

कौतुकाने फुगलेल्या माणसाच्या तोंडाला कडी नसते.

"फलटणची," कुंडलिक बोलून गेला.