शनिवारचं लोखंड

कृष्णकांतकाकांनी दोन्ही तळव्यांनी फियाटचं पुढचं मडगार्ड खाली दाबलं आणि एकदम सोडलं. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. काका हात झटकून बाजूला झाले तरी ती डोलतच होती.

"पाहिलं? पाळणा होऊन राहिला हिचा. अन् दादाच्या अस्थी घेऊन हिच्यात रामटेकला जाते म्हणते! कामठीपर्यंत तरी पोचशील का?"

उत्तरानं मडगार्डवर हात ठेवून गाडीचं डोलणं थांबवलं. तिच्या वडिलांना, विश्वनाथरावांना, जाऊन आठवडा झाला होता. अस्थींचं मडकं मागच्या अंगणात कडुनिंबाला बांधलेलं होतं. काकांनी ट्रंक कॉल करून भिलाईहून आपल्या मुलाला बोलावलं होतं. तो उद्या येणार, टॅक्सीनं रामटेकला जाणार, अंबाळा तलावात अस्थी सोडणार, असं ठरलं होतं. विश्वनाथरावांना उत्तरा ही एकच मुलगी. तिला कोणी विचारलं नव्हतं.

"गाडी ठीक झाली तर?" तिनं विचारलं.

"तर ने ना बापा तूच!" काका हसले. "उद्या सकाळी येऊन पाहतोच मी."

त्यांना हसायला काही हरकत नव्हती. शनिवार होता, आणि या घरात शनिवारी कोणी खिळासुद्धा विकत आणत नसे.

काकांचं निदान मात्र बरोबर होतं. पुढच्या टायरांवर खळगे पडले होते. ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घाली, वळणावर एका अंगावर जाई. बाबा म्हणत, रस्ताच खराब आहे. आजारी माणसाशी रस्त्यावरून काय वाद घालायचा? ती हळू चालवायची. त्यांना मेडिकलच्या इस्पितळात नेणं-आणणं तिच्याकडेच होतं. ती मुलगी आहे म्हणून पद्धतीचा प्रश्न तेव्हा कोणी काढला नव्हता.

ती चपला घालत असताना यमुआत्या ओसरीवर आली. वडिलांची थोरली बहीण. सगळं घर तिला वचकून असे.

"कुठे निघालीस?"

"शॉकअप आणायला. गाडीचे दणके झेलतात ते."

"सुतकात? अन् शनिवारी? शनिवारी लोखंड घरात आणू नये. तेल आणू नये."

"मग हे फारच वाईट आहे, आत्या. लोखंडाच्या नळीत तेल भरलेलं असतं."

उत्तरा फाटकाबाहेर पडली.

सदर बाजारातल्या मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात मालक ओमप्रकाश नुसता बसून होता. "आज बोहनीच नाही झाली, बहनजी. शनिवार आहे ना. पुढचे दोन देऊ?"

"चारही द्या."

"फिटिंगले माणूस पाठवू?"

"नको. पान्हे आहेत घरी."

पान्हे बाबांचे होते. दर रविवारी ते गाडीखाली शिरत आणि हात बाहेर काढत. त्या हातात कोणता पान्हा द्यायचा हे तिला शाळेत असल्यापासून ठाऊक होतं. आज ती स्वतः पोत्यावर पाठ टेकून खाली सरकली. नट गंजले होते. तिनं त्यांवर रॉकेल सोडलं, थांबली, मग पान्ह्यावर सगळा भार टाकला. पहिला नट करकरला आणि फिरला.

जुना शॉकअप बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगावर तेलात भिजलेल्या धुळीचा थर होता. दांडा आत ढकलला की मुकाट्यानं आत जाई, आणि तिथंच पडून राही. काकांना पसंत पडावा असा स्वभाव होता त्याचा.

आत्या कधी येऊन उभी राहिली ते उत्तराला कळलं नाही. पोत्यावर ठेवलेल्या नव्या नळकांड्यांकडे ती बघत होती.

"हेच का ते?"

"हेच. दाबून पाहा."

आत्यानं पदर खोचला. एक शॉकअप फरशीवर उभा धरला आणि दोन्ही हातांनी जोर लावला. दांडा जेमतेम बोटभर आत गेला आणि हात काढताच सावकाश वर आला.

"सहजी दबत नाही गं हे!"

"त्यासाठीच आणलं."

आत्यानं पुन्हा जोर लावला. या वेळी दात आवळून. मग तिनं तो शॉकअप उचलून, गाडीखालून बाहेर आलेल्या हातात दिला.

शेवटचा नट आवळून उत्तरा उठली. चालकाच्या सीटवर बसली. बाबांचे पाय लांब होते, सीट अजून मागेच होती. इतके महिने ती पाठीला उशी घेऊन चालवत आली होती. तिनं खटका ओढला आणि सीट पुढे घेतली.

रविवारी सकाळी काका आले. भिलाईचा मुलगा फाटकाबाहेर टॅक्सीतच बसून राहिला. काकांनी मडगार्ड दाबलं. गाडी खाली गेली, वर आली आणि थांबली. त्यांनी धोतर सावरलं, सगळं अंग घालून पुन्हा दाबलं. गाडी वर आली आणि थांबली. मागे जाऊन डिकीवरही एकदा दाबून पाहिलं.

"झाली खरी ठीक," ते हात पुसत म्हणाले.

"तुम्ही शब्द दिला होता, काका."

"अगं, गाडीचं कोण बोलून राहिलं? मुलीनं अस्थी नेण्याची आपल्यात पद्धत नाही. तू एवढुशी बाई गाडी हाकत जाणार, अन् रामटेकचे गुरुजी काय म्हणतील?"

उत्तरानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण आवाज ओसरीवरून आला.

"काही नाही म्हणाले रे किसना," आत्या म्हणाली. "काल हिलाच नाव-गोत्र विचारलं, बस. अन् रामटेकपर्यंत मडकं माझ्याच मांडीवर होतं. जरा म्हणून हललं नाही."