कमरेचा गोटा

कॉलेजात पहिल्यांदाच पोरांची वजनं होणार म्हणताच नथ्थूच्या बापानं कारंजाच्या कापूसबाजारातली अक्कल शिकवली, "काटा साहेबाचा असो का दलालाचा, आपल्याले बुडवतेच. कमरेले गोटा बांध." वजन कमी भरलं की हाकलतील, अशी पोरांत बोंब होती. नथ्थूनं धोतराआड दगड बांधला. डॉक्टर काटा पाहून हसले, "शाबास, शंभर पौंड! तुला दूध नको." "कायचं दूध?" "अशक्त पोरांना रोज शेरभर, फुकट." नथ्थू चक्रावला. कापूस जास्त भरला तर पैसा मिळतो, अन् पोरगा कमी भरला तर दूध? गरिबाला द्यायचंच असेल, तर लेकाचे आधी सांगत का नाहीत? खरं बोलावं तर लबाड ठरणार, गप्प बसावं तर कवायतीत पुन्हा अर्धपोटी भोवळ. त्यानं गोटा सोडून टेबलावर ठेवला. "साहेब, हे माह्या बापाचं भेव हाये. आता मले मोजा."