पायाळूची लाथ

"कमरेवर हे निळे डाग कसले?" तपासता तपासता डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

उत्तर वैजयंताऐवजी तिच्या नवऱ्यानं दिलं, तेही कौतुकानं. "माझा धाकटा भाऊ पायाळू आहे ना, पायांकडून जन्मलेला! उसण उतरवायला दर अमावस्येला हिला उंबऱ्यावर पालथी निजवून लाथ घालतो. तरी हिची कंबर दुखतेच. सोंगं सगळी!"

दुसऱ्या बाळंतपणापासून वैजयंताची कंबर ठणकत होती. दिराची ती शेणानं बरबटलेली टाच पाठीत बसायची, तेव्हा अख्खं घर चहा पीत बघायचं. आणि ही मूर्ख स्वतःलाच विचारायची, खरंच सोंग तर नसेल ना आपलं?

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. "कणा आणि कमरेचं हाड जुळतं, तो हा सांधा. बाळंतपणाच्या ताणानं इथलं हाड दाट झालंय. कॅन्सर नाही, टीबी नाही, ऑपरेशनही नको. पण दुखणं खरं आहे. गोळ्या घ्या, व्यायाम करा. आणि त्या लाथा आजपासून बंद!"

नवऱ्याच्या कानांत 'नाही' तेवढंच शिरलं. त्यानं तिथूनच स्पीकरवर आईला फोन लावला. "आई, काहीच निघालं नाही गं!"

"मी म्हणतच होते," सासू पलीकडून गरजली. "आता अमावस्येला दोन घालायला सांगते."

वैजयंतानं फोन हिसकावला. "आत्या, निघालंय. हाडात निघालंय. यापुढं माझ्या पाठीला कुणाचा पाय लागणार नाही. उंबऱ्यावर कुणाला तरी निजवायचीच हौस असली, तर तुमचा थोरला चांगला धडधाकट आहे."

नवऱ्याचा हात आपसूक स्वतःच्या कमरेवर गेला.