गेलेले आटे

आबांच्या गाडीच्या सायलेन्सर पाइपातला सेन्सर काढताना गोरख मेकॅनिकच्या हातून भोकाचे आटेच गेले. नवे आटे पाडायला इंदापूरला कोण जाणार? त्यानं पुट्टी थापून सेन्सर चिकटवला आणि आबांना सांगितलं, "झालं काम."

तासाभरानं त्याच्या ध्यानात आलं. पुट्टी तापून निघाली तर विषारी धूर गाडीत शिरणार. त्यानं लगेच आबांना फोन लावला. उचलला त्याच्याच बायकोनं.

"आबा गाडी चालवत्यात. बावड्यात यष्टी चुकली, तवा त्यांनीच आमाला गाडीत घेतलं. बाळाला सर्दी हाय म्हणून काचाबी लावल्यात."

"काचा उघड आधी!" गोरख किंचाळला.



"हळू बोला की. बाळ कवाच झोपलंय, आन आबाबी सारख्या जांभया देत्यात."