अ‍ॅम्पची जागा

श्रीरामपूरच्या रिसेप्शनला मी बेस गिटारसाठी स्पीकरच्या अवजड खोक्याऐवजी, म्हणजे अ‍ॅम्पऐवजी, पहिल्यांदाच डिजिटल प्रोसेसर नेला. त्याच अ‍ॅम्पचा आवाज मी त्यात हुबेहूब उतरवला होता. तो हॉलच्या स्पीकरमधून स्वच्छ येत होता. तरी ड्रमवर बसलेल्या पप्पांचा ताल चुकू लागला. गाणं संपताच गायक म्हणाला, "अंकल, बिर्याणी आधीच खाल्ली का? पुढच्या लग्नाला दुसरा ड्रमर बघू मग!" पप्पा नुसतेच हसले. त्यांचा डावा गुडघा मात्र काहीतरी चाचपत होता. शेजारी एरवी अ‍ॅम्प असायचा. त्याला गुडघा टेकवूनच ते वाजवायचे. म्हणजे त्यांना माझा बेस आधीपासूनच ऐकू येत नव्हता; आजवर ते अ‍ॅम्पच्या थरथरीवरून ताल धरत होते. मी माझा बेस मला ऐकवणारा समोरचा स्पीकर उचलून त्यांच्या गुडघ्याशी ठेवला. "अगं, मग तू काय ऐकणार?" पप्पा म्हणाले. पुढचं सगळं गाणं मी फक्त ड्रमच्या पेडलवरच्या त्यांच्या पायाकडे बघत वाजवलं.