गोंदण दिसलं पाहिजे

इरम्मानं तिसरं लुगडं बदललं तेव्हा शुभांगीनं कॅमेरा खाली ठेवला.

“काकू, पहिलंच बरं होतं. रोजचं.”

“रोजचं कशाला? चार माणसं बघणार म्हणलीस ना?”

“चार नाही, लाखभर बघतील. पण कंपनीला रोजचंच पाहिजे.”

इरम्मा वर्षानुवर्षं दुखणारा गुडघा धरून, पुटपुटत आत गेली आणि पिठाचे डाग पडलेलं इरकल नेसून आली.

कंपनी बंगळुरूची. ती ट्रक चालवायचा मोबाइल गेम बनवत होती आणि त्यातला हायवे शुभांगीच्या वाट्याला आला होता. ढाबे, पंक्चरची दुकानं, कडेला उभी असलेली माणसं. नळदुर्गच्या मुलीचा पत्ता त्यांना कुठून लागला, हे तिला कळलं नव्हतं. घरबसल्या आलेल्या कामाला फार प्रश्न विचारू नयेत, असं तिचं मत होतं. फोटो मोठ्यात मोठा घ्यायचा, मागचं सगळं कापून नुसता माणूस ठेवायचा आणि मग स्वस्त फोनपासून महागड्या फोनपर्यंत तीन मापांत तो लहान करायचा. डोळ्यांची पार वाट लागायची.

पाठवलेल्या चित्रावर कंपनीतल्या तपासणाऱ्याचं उत्तर दोन शब्दांत यायचं. “जड आहे.” “कमी करा.” खाली नाव नाही, गाव नाही. शुभांगीनं त्याला खडूस हे नाव ठेवलं होतं.

इरम्मा पलीकडच्या गल्लीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकायची. गेमचं कानावर आलं तशी ती स्वतःहून शुभांगीच्या दारात येऊन बसली होती. तिची घाई उगाच नव्हती.

सात वर्षांपूर्वी तिचा राजशेखर इंजिनिअरिंगला दुसऱ्यांदा नापास झाला. दिवसभर मोबाइलवर खेळत बसायचा. एके दिवशी इरम्मानं तो मोबाइल उचलला आणि भाकरीच्या चुलीत घातला. “खेळून पोट भरतं व्हय रे?” एवढंच म्हणाली. त्याच दुपारी पोरगा ढाब्यावर उभ्या असलेल्या एका ट्रकमध्ये बसून निघून गेला. पुढं एकदा कुणा ड्रायव्हरबरोबर बरा असल्याचा निरोप आला. पत्ता नाही, नंबर नाही.

“माझ्याशी बोलत न्हाय, पण खेळायचं थोडंच सोडलं असंल त्यानं?” इरम्मा म्हणाली होती. “ट्रक पळवता पळवता दिसंल की मी त्याला. म्हणंल, अव्वा अजून वाट बघायली. घरी आमी कानडी बोलतो ना, मला अव्वाच म्हणायचा.”

“आणि ओळखलंच नाही तर?”

तिनं उजवं मनगट पुढं केलं. गोंदणाचे पाच हिरवे ठिपके. “लहानपणी हे मोजल्याबिगर झोपायचा न्हाय. एवढं दिसू दे, पोरी. तोंड कसं बी येऊ दे.”

खडूसानं मागच्याच आठवड्यात “तपशील काढा” म्हणून बजावलं होतं; माणसांच्या अंगावरचं बारीकसारीक फोनवर दिसत नाही आणि फाइल मात्र जड होते. तरी शुभांगी हो म्हणून बसली.

आता इरम्मा दारात उभी राहिली, उजवा हात कपाळाशी धरून रस्त्याकडं बघत. तसं उभं राहा म्हणून सांगावं लागलं नाही. ती रोजच तशी उभी असायची.

फोटो सुरेख आला. पापणीवर उडालेलं पीठसुद्धा दिसत होतं. पण चित्र लहान केलं की ठिपके गायब. शुभांगीनं दोन दिवस खपून ते पाचही ठिपके हातानं जाड केले, रंग गडद केला, तेव्हा कुठं स्वस्तातल्या फोनवरही दिसायला लागले. गेममध्ये ट्रक डावीकडून यायचा आणि इरम्मा तर उजवीकडं बघत होती. म्हणून तिनं चित्र आरशातल्यासारखं फिरवून घेतलं. या कामात ते नेहमीचंच. ढाबेही तिनं असेच फिरवले होते.

तिनं इरम्माला बोलावून चित्र दाखवलं.

“आरशात दिसते तशीच हाय की गं मी!” इरम्मा हरखली. “ठिपके पाच हायत ना?”

“मोजा.”

तिनं बोट ठेवून मोजले. मग पुन्हा मोजले.

चित्र कंपनीकडं गेलं. एरवी तासाभरात उत्तर देणारा खडूस या वेळी गप्प बसला. एक दिवस गेला, दुसराही गेला. इरम्मा सकाळ-संध्याकाळ येऊन “पास झाला का फोटू?” म्हणून विचारायची, आणि शुभांगीला तिच्याकडं बघवत नव्हतं. चित्र नाकारलं तर या बाईला काय सांगायचं? शेवटी तिनं जड मनानं ठिपके पुसलेलं दुसरं चित्र तयार करून ठेवलं. निदान तोंड तरी राहील.

तिसऱ्या दिवशी इरम्मा पायरीवर बसलेली असतानाच लॅपटॉप वाजला.

“काय लिहिलंय त्या खडूसानं?” तिनं मान वर करून विचारलं.

शुभांगीनं मेल उघडला. आजवरचा त्याचा सगळ्यात लांब मेल होता, चांगली तीन वाक्यं.

“चित्र उलटं झालंय. ठिपके उजव्या हातावर हवेत. अव्वाचा गुडघा आता कसा आहे?”